हरळवाडीच्या बारवेवरचा पाय

शरणबसप्पांच्या सवयी मी एका वहीत टिपून ठेवल्या होत्या. साहित्य घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला दुसरं कामही नसतं.

चहा बशीत ओतायचे आणि आकडे मोजायचे. चोवीस झाले की प्यायचे, निवलेला असो वा नसो.

चालता चालता थांबून मागं वळून पाहायचे. कुणी पाठलाग करतं म्हणून नाही. वाट उलटी कशी दिसते ते पाहायला.

कुणी एकच गोष्ट दोनदा सांगितली की दोन बोटांची कात्री करून हवेत कापायचे. समोर तहसीलदार असला तरी.

काहीही फेकायचे नाहीत. फिल्मचे कापलेले तुकडे खोलीभर खिळ्यांना लटकत असत. त्याच दोरीवर त्यांचं धोतर वाळत असे.

आणि कुठलीही चपटी वस्तू हातात आली की ओठाला लावायचे. पत्र, विड्याचं पान, तहसीलची नोटीस. फिल्मची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी खरखरीत. चित्र खरखरीत बाजूवर असतं. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना ते कळत नाही. ओल्या ओठाला खरखरीत बाजू किंचित चिकटते. वीस वर्षं फिल्म चाटून काढल्यावर त्यांना सगळं जग त्याच रीतीनं तपासायची सवय लागली होती.

लोहाऱ्यात ते नागम्मांच्या घरी भाड्यानं राहत. मी शेजारी. नागम्मांना हे मुळीच पटत नसे.

"आप्पा, सगळं उष्टं करून ठेवताव तुम्ही. उद्या मला बी ओठाला लावून बघताल."

"बघावं लागंल, नागम्मा. तुमची खरी बाजू कंची, ते तीन वर्सं झाली तरी कळंना."

नागम्मा त्यावर कानडीत जे बोलल्या ते मी वहीत टिपलं नाही.

शरणबसप्पा परदेशी होते. म्हणजे विजापूरकडचे. बैलगाडीनं चार-सहा दिवसांची वाट. आमच्या बाजारात अर्धे लोक कानडी बोलतात, तेही तीच कानडी बोलत. गळ्यात तेच लिंग, कपाळाला तीच विभूती. पण विजापूर इंग्रजांचं आणि लोहारा निजामाचं. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. त्यामुळं सरकारदरबारी आम्ही सगळे मुलकी आणि ते गैरमुलकी. गैरमुलकी माणसाला सरकारात कायम नोकरी नाही. पंधरा वर्षं मुलखात राहिल्याचा दाखला आणला, कुणी मोतबर इसमानं त्यावर सही केली, तर विचार होऊ शकतो. शरणबसप्पांना मुलखात येऊन तीन वर्षं झाली होती. उरलेली बारा कुणाच्या तरी सहीतून यायची होती.

इथवर ते कसे आले, हा त्यांच्या बोलण्याचा आवडता विषय होता.

सुरुवात तंबूतल्या सिनेमात. आधी दारावर तिकिटं फाडली. मग यंत्र फिरवलं. फिल्म जुनी, सारखी तुटायची. जोडताना दरवेळी दोन बोटं फिल्म कमी व्हायची. कमी झालेली फिल्म जास्त रंगते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते न तुटलेली फिल्मही कापू लागले. पौराणिक चित्र होतं. युद्ध तासाभराचं होतं, ते त्यांनी दहा मिनिटांत संपवलं. राक्षस लवकर मेला म्हणून लोकांनी पैसे परत मागितले. मालकानं हाकलून दिलं. संकलक म्हणून हा त्यांचा पहिला गौरव.

पुढं पुण्याच्या एका कंपनीत कापणाऱ्याचा हाताखालचा. तिथं आठ वर्षं. पडद्यावर नाव शून्य वेळा. मग लढाई आली आणि मुंबईत सरकारी माहितीपट निघू लागले. तिथं त्यांना स्वतःचं टेबल मिळालं. ते टेबल त्यांनी एका खेचरामुळं गमावलं. एका गोऱ्या साहेबाचं भाषण होतं, लांबलचक. शरणबसप्पांनी भाषणाच्या मध्ये छावणीतलं एक खेचर घातलं. खेचर जांभई देत होतं. मग पुन्हा साहेब.

"म्या काय खोटं दावलं?" ते मला विचारत. "भाषण खरं. खेचर खरं. दोन तुकडे शेजारी ठेवले की तिसरंच कायतरी बोलायला लागतं, साहित्यवाले. ते तिसरं कुणी कॅमेऱ्यात घेतलेलं नसतंय. बघणाऱ्याच्या डोक्यात तयार व्हतंय. हीच सगळी विद्या."

मी ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघही मारली.

मग ते निजामाच्या मुलखात आले. आरोग्य खात्याला नारूवर माहितीपट हवा होता. नारू म्हणजे पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा. आमच्याकडच्या बारवांना आत उतरायला पायऱ्या असतात. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवतो, किडा पाण्यात पिलं सोडतो, ते पाणी गाव पितं, आणि वर्षानं गावाच्या पायातून दोरे निघतात. इलाज सोपा होता. नारूवाल्यानं पाण्यात उतरू नये, बाकीच्यांनी पाणी फडक्यातून गाळावं. हे सोपं असल्यामुळं कुणाला पटत नव्हतं. म्हणून फिल्म.

नोकरी हंगामी. फिल्म चांगली झाली आणि मुलकी दाखला मिळाला, तर कायम. शरणबसप्पा पंचेचाळिशीला टेकले होते. आयुष्यात एकदा तरी कायम व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तसं ते बोलूनही दाखवत.

कोऱ्या फिल्मचा पहिला डबा सोलापूरहून आला. नाक्यावरच्या कारकुनानं तो उघडून मोजला. फिल्म उन्हात धरून पाहिली. काही दिसेना. मग पुढची पाहिली. सगळा डबा पाहून झाल्यावर त्यानं शिक्का मारला : माल कोरा आहे. आता तो खरोखर कशाच्याच कामाचा नव्हता. दुसरा डबा यायला चार महिने लागले.

सत्तेचाळीसच्या चैत्रात आम्ही हरळवाडीला गेलो. लोहाऱ्यापासून तीन कोस. आम्ही म्हणजे खात्याचे डॉक्टर, शरणबसप्पा आणि मी. फिल्म मुकी होती. दाखवताना कर्ण्यातून बोलायला माणूस लागणार होता. माझ्या साहित्याचा तेवढाच उपयोग खात्याला सुचला.

बारवेवर पाणी भरताना कुणाला घ्यायचं? बायका पदर ओढून पळाल्या. एकटी इरम्मा थांबली. ती विधवा होती. पाच-सहा घरी पाणी भरून पोट भरायची. डोक्यावर दोन घागरी घेऊन ती अशी वर आली की शरणबसप्पा आकडे मोजायचे विसरले.

"माझं चित्तर खरंच दिसंल व्हय?" तिनं विचारलं.

"दिसंल. सगळ्या मुलखात दिसंल."

"मग थांबा. लुगडं बदलून येते."

नारूचा पायही हवा होता. डॉक्टरांनी गावात पंचवीस पाय तपासले. सगळ्यात देखणा नारू निघाला माली पाटील आण्णासाहेबांचा. गावाचा सारा वसूल करणारा माणूस, त्याचा नारूही तसाच, भरघोस. घोट्यापाशी फोड, त्यातून हातभर किडा बाहेर, तो कडुलिंबाच्या काडीला गुंडाळलेला. रोज थोडा गुंडाळायचा. तुटू द्यायचा नाही. त्याच पायानं पाटील रोज सकाळी बारवेत उतरून आंघोळ करत. थंड पाण्यानं बरं वाटतं म्हणाले.

पाटलांची एकच अट होती. तोंड दिसता कामा नये. नारू काय, कुणालाही होईल, पण माली पाटलाला होणं बरं नाही. शिवाय उघडी पोटरीही दिसता कामा नये. डॉक्टरांनी कापड मागितलं. आतून पाटलीणबाईंनी जुनं लुगडं पाठवलं. पोटरीवर लुगडं, खाली पाय.

शरणबसप्पांनी कॅमेऱ्याला चावी दिली. पायापासून सुरू केलं आणि सवयीनं कॅमेरा वर नेला. गुडघा, पोट, मिशा.

"अवो, तोंड नगं म्हनलं ना!"

"कापतो, आण्णासाहेब. कापायचाच पगार हाय मला."

आणि त्यांनी कापलं. मिशांचा चार फुटांचा तुकडा खिळ्याला लटकवला. फिल्ममध्ये इरम्मा घागरी घेऊन पायऱ्या उतरते. कट. लुगड्याच्या काठाखाली एक पाय, त्यातून किडा. कट. घागर. कट. पाणी पिणारी पोरं. मला ते टेबलावर दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आम्हा दोघांनाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. विद्या जाणणारे ते आणि विद्या वहीत लिहून घेणारा मी.

दिवाळीनंतर हरळवाडीत खेळ झाला. लॉरीचा चालक दिवस बुडाल्यावर गावात थांबायला तयार नव्हता. म्हणून भर दुपारी, पाटलांच्या कोठारात, खिडक्यांना घोंगड्या लावून. अडीचशे माणसं, वर ज्वारीची पोती. पाटील पुढं खुर्चीवर. पायात बूट. नारू एव्हाना निघून गेला होता.

इरम्मा पडद्यावर आली तेव्हा कोठार दणाणलं. तिचं नाव घेऊन पोरं ओरडली. ती पदराआड हसत होती. मग पाय आला. मी कर्ण्यातून माझं वाक्य म्हणालो. रात्रभर जागून लिहिलेलं होतं.

"हाच तो पाय, ज्यानं साऱ्या गावाचं पाणी नासवलं!"

कोठार गप्प झालं. माझ्या वाक्याचा परिणाम, असं मला वाटलं. परिणामच होता.

घोंगड्या काढल्या. महांतप्पा नावाचे म्हातारे उठून उभे राहिले. त्यांच्या दोन सुनांना त्या वर्षी नारू झाला होता.

"इरम्मा, तुला नारू झालाय आन तू घरोघर पाणी भरतीस व्हय गं?"

"मला? मला कुठला नारू, काका? ह्यो बघा पाय." तिनं सगळ्यांसमोर पाय पुढं केला. पाय स्वच्छ होता.

"आता बरा झाला असंल."

"अवो, तो पाय माझा न्हाय!"

"लुगडं दिसलं की आमाला. तू उतरलीस, आन लगीच पाय. आंधळे हाव का आमी?"

सगळ्यांनी पाटलांकडं पाहिलं. पाटील बूट घातलेला पाय मागं घेत म्हणाले, "सरकारी फिल्म हाय. सरकार खोटं दावंल व्हय? बाई, उद्यापासून तू बारवेवर पाय ठिवू नगंस."

डॉक्टर लॉरीत जाऊन बसले होते. त्यांना पुढच्या गावाची घाई होती. शरणबसप्पा यंत्राजवळ उभे होते, हातात फिल्मचं टोक. ते त्यांनी ओठाला लावलं.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी नेहमीसारखी बारवेत उतरून आंघोळ केली. महांतप्पांच्या सुनाही उतरल्या. न गाळता पाणी भरू लागल्या. दोष सापडला होता, मग गाळायचं कशाला? खात्याला अहवाल गेला : हरळवाडीच्या जनतेवर माहितीपटाचा सखोल परिणाम.

इरम्माची घरं सुटली. ओढा गावापासून अर्धा कोस. तिथून ती आपल्यापुरतं पाणी आणू लागली. तिच्या हातचं पाणी आता कुणी घेत नव्हतं.

आठ दिवसांनी आम्ही पाटलांकडं गेलो. चहा आला. शरणबसप्पा म्हणाले, "आण्णासाहेब, पाय तुमचा हाय."

"माझाच की. म्या कुठं न्हाय म्हनलं? तुमच्यापुढं कशाला खोटं बोलू?"

"मग गावाला सांगा."

"गावानं इचारलं न्हाय." पाटील बशीत फुंकर घालत म्हणाले. "आन त्या बाईचं म्हणाल, तर वढ्याचं पाणी वाहतं असतंय. वाहतं पाणी बरं, आसं तुमचे डागदरच म्हनत व्हते. तुमचं त्ये सर्टिफिकेट कुठवर आलं?"

शरणबसप्पांचा हात खिशाकडं गेला.

"पंधरा वर्सं वळखतो म्हणून सही लागती न्हवं? आना की. मानूस वळखायला मला पंधरा दिस बी लई व्हतात. तेवढी फिल्म हाय तशी ऱ्हाऊ द्या."

कागद शरणबसप्पांच्या खिशातच होता. तीन वर्षं असायचा. मला वाटलं, ते उठतील. त्यांनी कागद काढून पाटलांपुढं ठेवला. पाटलांनी सही केली. शरणबसप्पांनी घडी घालून तो परत खिशात ठेवला. तीन कोस चालत आम्ही परतलो. मागं वळून वाट उलटी पाहायलाही ते थांबले नाहीत.

मी एकटा पुन्हा हरळवाडीला गेलो. महांतप्पांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमीच कर्ण्यातनं वरडत व्हता न्हवं, हाच तो पाय म्हणून? तवा खोटं बोलत व्हता, का आता?"

 उत्तर लोहाऱ्यात खिळ्याला लटकत होतं.

कागद तहसीलमध्ये गेला नाही. महिने गेले. शरणबसप्पा तो रोज काढून पाहत आणि परत ठेवत. चहा आकडे न मोजता पिऊ लागले. जीभ भाजली तरी काही म्हणत नसत.

अठ्ठेचाळीसच्या ज्येष्ठात इरम्मा लोहाऱ्याला आली. पायी. दारात बसली. नागम्मांनी तिला पाणी दिलं. तांब्या हातात घेऊन ती आधी नुसतीच बघत राहिली.

"आप्पा," ती म्हणाली, "मला त्यातनं काढून टाका. एवढंच मागते. पुन्यांदा जत्रंत खेळ लावणार म्हनत्यात. मी त्यात नसले की लोक इसरतील."

"तुला काढलं तरी पाय ऱ्हाईल, इरम्मा. लोकांनी तुला बघितलंय. तुला काढायचं न्हाय." ते उठले आणि खिळ्यावरचा चार फुटांचा तुकडा काढून उजेडात धरला. "ह्येला आत घ्यायचं."

तिनं तुकड्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. पाय. गुडघा. मिशा. 

"मी नवं लुगडं नेसले," ती म्हणाली, "आन ह्ये बायकूचं."

नागम्मा खो खो हसल्या. इरम्माही हसली. शरणबसप्पा हसले नाहीत. त्यांनी खिशातला दाखला काढला. आधी एक बाजू ओठाला लावली, मग दुसरी.

"दोन्हीकडनं गुळगुळीत," ते मला म्हणाले.

कात्री हाताशीच होती. त्यांनी दाखल्याचे दोन तुकडे केले. पाटलांच्या सहीचा तुकडा तुकड्यांच्या खिळ्याला अडकवला. काहीही फेकायचं नाही.

 बी. ए.च्या अभ्यासक्रमात असं काही नव्हतं.

फिल्म दुरुस्तीला पाहिजे म्हणून त्यांनी खात्यातून मागवली. पायाचं चित्र संपतं तिथं कापली. तिथं मिशांचा तुकडा बसायचा होता : पायावरून कॅमेरा वर जाईल आणि पाटील अडीचशे माणसांकडं पाहतील. जोड घालायला एका टोकावरची खरखरीत बाजू ब्लेडनं खरवडून गुळगुळीत करावी लागते, मग कुपीतलं औषध लावून दुसरं टोक वर दाबायचं. त्यांनी एक टोक खरवडलं. कुपी उघडली. औषध वाळून गेलं होतं.

ते फक्त सोलापुरात मिळायचं.

तेव्हा नाक्यावर मुलखात येणाऱ्यांची कडक तपासणी सुरू होती. सोलापूरचा माल इकडं येत नव्हता. मी म्हटलं, थांबा. ते म्हणाले, जत्रा थांबायची नाही.

"कुपीच तर हाय. खिशात मावती. चार दिवसांत येतो, साहित्यवाले. टोकाला हात लावू नका. घाम लागला तर जोड धरत न्हाय."

जाताना नाक्यावर त्यांना कुणी काही विचारलं नाही. मुलखातून बाहेर जाणाऱ्याला कशाला विचारतील? येताना विचारलं. हे मला गाडीवानाकडून कळलं. कारकुनानं आधी कुपीचा वास घेतला आणि ती दारू ठरवून ठेवून घेतली. मग कागद मागितला. मुलकी असल्याचा. शरणबसप्पा म्हणाले, होता, पण कापला. कारकुनाला तो विनोद वाटला. त्यानं त्यांना त्याच गाडीनं परत पाठवलं.

भाद्रपदात निजामाचं राज्य संपलं. चार-पाच दिवसांत. नाका ओस पडला. कारकून गेला, शिक्का तिथंच पडून होता. आता मुलकी कुणी नाही आणि गैरमुलकीही कुणी नाही. मी रोज सोलापूरच्या वाटेकडं पाहत होतो. कुणी म्हणालं, ते मुंबईत नव्या सरकारचे माहितीपट कापतात. कुणी म्हणालं, आजारी होते, विजापूरकडं गेले. मी सोलापूरसकट तिन्ही ठिकाणी पत्रं टाकली. नागम्मांनी खोली कुणाला दिली नाही. भाडं मिळत नाही म्हणून दिवसातून दोनदा कुरकुरतात आणि तिसऱ्यांदा खोली झाडतात.

आण्णासाहेब आता टोपी घालतात. पांढरी. आनंदाच्या सभेत त्यांनी भाषण केलं, जुलमी राज्यात जनता कशी भरडली गेली यावर. भाषण लांबलचक होतं. मी आजूबाजूला खेचर शोधत होतो.

इरम्मा अजून ओढ्यावर जाते. मागच्या आठवड्यात बाजारात भेटली.

"आले का आप्पा?"

"नाही अजून."

"येतील. त्यांचं काम ऱ्हायलंय."

फिल्म माझ्या टेबलावर आहे. मी डिंक लावून पाहिला. सुकल्यावर सुटला. खळ लावून पाहिली. तीही सुटली. पायाच्या चित्राचं टोक एकीकडं, मिशांचा तुकडा दुसरीकडं, मध्ये बोटभर जागा. कुठलं टोक त्यांनी खरवडलं होतं ते माझ्या हाताळण्यात मला कळेनासं झालं. म्हणून काल दोन्ही टोकं ओठाला लावून पाहिली. एक चिकटलं. दुसरं नाही.